ताईला माझं तोंड दिसलं पाहिजे

सोमवार, ३ मार्च. दुपारी चार वाजून दहा मिनिटं

या मिनिटाला दुकानदाराने मला वाटेला लावलं. शब्द गोड — 'मावशी, वस्तू चांगली आहे, तुमची सिस्टिमच विचित्र.' विकताना हाच म्हणाला होता, लिनक्सवर डोळे झाकून चालेल! मी म्हटलं, चालत नाही हे लिहून द्या. तर म्हणे, 'लिहून वगैरे आम्ही देत नाही.' वर उपदेश — 'एकदा लावलं की काढू नका हं, जळेल.'

अंगठ्याच्या पेराएवढा यूएसबीचा तुकडा. लॅपटॉपचं आतलं वायफाय मेलं, म्हणून घेतला. नेट मिळत नाही. दिवा मात्र लुकलुकतो, निर्लज्ज!

शनिवारी ताईचं ऑपरेशन, आतड्यात गाठ आहे. ती संमतीची सही करत नाही. डॉक्टर शुक्रवार संध्याकाळपर्यंत थांबणार. ताईला ऐकू येत नाही, ओठ वाचते. आणि हल्ली तिच्या खोलीत जो येतो तो मान खाली घालून बोलतो. चिठ्ठी दाखवली तर म्हणते, 'कागदाला काय, तो कुणाचंही ऐकतो. धाकटीचं तोंड दाखवा. ती सांगेल तसं करीन.'

धाकटी म्हणजे मी. गुडघे असे, की चार पायऱ्या उतरताना देव आठवतो. चौदा तासांचा प्रवास कुठला करणार!

मंगळवार, ४ मार्च

भाच्याचा फोन. ताईचा मुलगा, पन्नाशीचा. घरात त्याला प्रोफेसर म्हणतात, कारण चहा कसा ढवळावा हेही तो समजावून सांगतो. लॅपटॉपवर हे लिनक्स त्यानेच घातलं. 'फुकट आहे, मोकळं आहे, कुणाची गुलामी नाही!' कळलं तुझं स्वातंत्र्य.

'काळी खिडकी उघड, मावशी. मी सांगतो ते टाइप कर.' केलं. 'कमांड सापडली नाही.' परत केलं. परत तेच.

'दिवा लागतो?' — हो. 'नेटवर्कची नावं दिसतात?' — नाही. 'एरर येते?' — नाही.

मदरने कॉन्व्हेंटमध्ये हाडात मुरवलंय: विचारलं तेवढंच उत्तर, पुढे एक अक्षर नाही. नाहीतर पट्टी.

तुकडा लावला की पडद्याच्या कोपऱ्यात डिस्कचं चित्र येतं. मी कुठलीही डिस्क घातलेली नाही. असो. आगंतुकांची सवय आहे मला, वरचे घरमालकही न विचारता येतात. सध्या महिनाभर बाहेर आहेत. इंटरनेट त्यांचंच, पासवर्ड ठेवून गेले, पण यंत्र कुलपाच्या आत. म्हणजे वायर जोडायचीही सोय नाही.

बुधवार, ५ मार्च

माझा फोन बटणांचा. काचेचे फोन माझी संधिवाताची बोटं ओळखत नाहीत. म्हणून शेजारणीकडे गेले. तिने फोन दिला — दिला कसला, स्वतः धरून उभी राहिली, आणि आपलंही तोंड चौकटीत घातलं!

ताई दिसली. किती वाळलीय! मी तोंड उघडणार तोच म्हणाली, 'ही बाई कोण? परक्यांसमोर माझ्या पोटाची चर्चा नको.' फोन बंद.

शेजारीण म्हणते, 'अहो, मी काय खाते का तुमच्या ताईला?' खात नाही. चघळते. उद्या अख्ख्या जिन्याला चव कळेल.

गुरुवार, ६ मार्च

कमांड सापडली नाही. कमांड सापडली नाही. डोळ्यांतून पाणी येतंय. पडद्याच्या उजेडाने, दुसरं काही नाही.

प्रोफेसर म्हणाला, 'बहुतेक ड्रायव्हर नाही, म्हणजे तुकडा चालवणारा प्रोग्राम. इंटरनेटवरून उतरवावा लागेल.' अरे, इंटरनेट नाही म्हणून तर तो हवा! विहिरीत पडलेल्या बाईला सांगायचं, वर ये, मग दोर देतो.

मग आवाज खाली आणून म्हणाला, 'शौचासाठी पोटावर पिशवी लावावी लागेल. कदाचित कायमची. आईला माहीत नाही. विचारलं तरच सांग हं.'

म्हणजे आता मीही मान खाली घालायची.

शुक्रवार, ७ मार्च

दुपारी प्रोफेसर रडत होता. पन्नाशीचा माणूस! 'आई बॅग भरून बसलीय. घरी जाते म्हणते. मावशी, पडद्यावर काही नवीन दिसतं का गं? काहीही?'

'डिस्कचं चित्र दिसतं.'

'कधीपासून?'

'पहिल्या दिवसापासून.'

मग ओरडलाच — 'आधी का नाही सांगितलंस?'

'तू विचारलंस कधी?'

तो तुकडा आधी डिस्कचं सोंग घेतो म्हणे! पोटात दुसऱ्या सिस्टिमचा प्रोग्राम असतो. चित्रावर क्लिक करून 'बाहेर काढा' म्हटलं की सोंग टाकतो आणि वायफाय होतो. 'बाहेर काढा' तर चार दिवस माझ्या नाकासमोर होतं! पण दुकानदाराने बजावलं होतं, काढू नका. आणि आम्ही आज्ञाधारक!

दाबलं. चित्र गेलं. दिवा विझला. माझा जीवही. मग दिवा लागला आणि नावांची रांग आली. पहिलंच नाव घरमालकांचं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बघून आनंद झाला.

पाच वाजता ताई समोर. पलंगावर टेकून, मांडीवर बॅग. पडदा जवळ ओढून माझं तोंड न्याहाळलं. मग म्हणाली, 'मी विचारत नाही ते सांग.'

मदरची पट्टी आठवली. तरी सांगितलं — गाठ, पिशवी, कायमची, सगळं. मान खाली घातली नाही. फार घालावीशी वाटली.

'पिशवी? एवढंच होय? मला वाटलं, हे सगळे मला पोहोचवायला निघालेत!' मग प्रोफेसरला, 'रडतोस काय मेल्या, पेन आण.'

शनिवार, ८ मार्च

सकाळी आत नेलं. दोन-तीन तास लागतील म्हणाले होते. संध्याकाळ झाली. आत्ताच प्रोफेसर पडद्यावर येऊन गेला — चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. 'सगळं ठीक आहे, मावशी.' मान खाली होती.

ताई, त्याचं ऐकणार नाही मी. मला लेखी उत्तर हवं, तुझ्या हातचं. एक ओळ पुरे, वाकडी चालेल. डॉक्टरांनी तुला मुदत दिली होती, मीही देते: सोमवारी संध्याकाळी सहाच्या आत.