आम्ही आणि आपण

सोमवार, ७ नोव्हेंबर

दोन्ही बाह्या डाव्या! मास्तरांनी आज गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. गिऱ्हाईक आरशासमोर हसत सुटलं. मला मात्र रडू फुटायचं बाकी होतं. सासऱ्यांना सगळी गल्ली मास्तर म्हणते म्हणून मीही मास्तर म्हणते. बाबा म्हणायची हिंमत कधी झाली नाही.

"आमच्या हातून असं होत नाही," मला म्हणाले. म्हणजे माझ्याच हातून झालं! एक बाही उसवली, उरल्या कापडातून नवी बेतली.

बुधवार, ९ नोव्हेंबर

आमच्यात, आमच्याकडे, आमच्या घरी. लग्न होऊन आले तेव्हापासून हेच ऐकतेय.

चूक माझीच होती म्हणा. माझ्या माहेरच्या भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' मिळून एकच शब्द. नवी नवरी मी, सगळ्यांची ताटं वाढली आणि मास्तरांना हौसेने म्हटलं, "चला, आम्ही जेवू या." झालं! "जेवा तुम्ही," म्हणाले. गळ्यात टेप अडकवला आणि उपाशी दुकानात जाऊन बसले. ह्यांनी मग पोट धरधरून हसत समजावलं — "अगं वेडे, आम्ही म्हणजे समोरच्याला वगळून. आपण म्हणजे त्याला धरून."

त्यानंतर मी कधी चुकले नाही. मास्तरही नाही चुकले. माझ्याशी बोलताना 'आपण' म्हणून कधी तोंडातून निघालं नाही. हे गेले त्या दिवशीसुद्धा माझ्या तोंडावर म्हणाले — "आमचा मुलगा गेला." मग माझं कोण गेलं होतं?

रविवार, १३ नोव्हेंबर

नणंद आली होती. "बाबांना मी घेऊन जाते. दुकानाला कुलूप लावू. तू आता तुझ्या माणसांत जा बाई."

माझी माणसं! ती गेल्यावर भावाला फोन केला. साधी खुशाली सांगताना अडखळले, शब्दच आठवेनात. वहिनी मागून म्हणाली, "ही तर त्यांच्यासारखीच बोलायला लागली." तिकडे मी इकडची, इकडे मी तिकडची. फोन ठेवला आणि हे लिहायला बसले, तेही ह्यांच्याच भाषेत. दुसऱ्या कुठल्या भाषेत आता रडताही येत नाही.

शुक्रवार, १८ नोव्हेंबर

मास्तरांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"आम्ही एकटेच."

मी शेजारच्या खुर्चीत, त्यांचा चष्मा आणि स्वेटर मांडीवर घेऊन! डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. विस्मरण वाढतच जाणार, म्हणाले. माणसं ओळखेनाशी होतील. आणि मला मेलीला काय सुचावं — त्याआधी एकदा तरी 'आपण' म्हणतील का? लाज वाटली स्वतःची.

शनिवार, १९ नोव्हेंबर

आज मास्तर मशीनवर हात ठेवून नुसते बसून होते.

गुरुवार, १ डिसेंबर

नणंदेला फोनवर सांगून टाकलं, मी कुठेही जाणार नाही, मास्तरांनाही नेऊ नका. "तू कोण गं ठरवणारी? रविवारी येते. बाबांनाच विचारू. तेच म्हणू देत, ही आमची आहे म्हणून."

त्यांना विचारणार! मग संपलंच सगळं. बॅग माळ्यावरून काढून ठेवली आहे.

रविवार, ४ डिसेंबर

नणंद अजून यायची आहे. मास्तर सकाळीच दुकानात जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले. माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "आपण —"

चहा बशीत सांडला.

त्यांनी गिऱ्हाइकांचं स्टूल पुढे ओढलं, वरची धूळ हाताने पुसली. "आपण बसा ना. आमची सून येईलच एवढ्यात. माप तीच घेते. ती आहे म्हणून चाललंय आमचं."

मी बसले.