मेरेटच्या हातचं खाद्य

होल्स्टेब्रो, ८ सप्टेंबर

चि. सिग्ने हिस,
अ. उ. आ. वि. वि.

फोनच केला असता, पण बाबा शेजारच्या खोलीत असतात, म्हणून लिहितोय. नवा गहू सुरू केल्यापासून डुकरिणी खाद्याला तोंड लावत नाहीत. दोघी तर ओकल्या. जनावरांच्या डॉक्टरांना कुठलीच साथ सापडली नाही. बाबांचं म्हणणं, मेरेट सून म्हणून आली, खाद्य कालवायला लागली आणि हे सुरू झालं. काल जेवताना तिच्यासमोरच म्हणाले. ती बॅग भरून रीबला आईकडे गेली. मी मान खाली घालून बटाटे खात बसलो होतो.

तू बुरशीची डॉक्टरीण. तुमची ती गुलाबी बुरशी आमच्या गव्हात तर नसेल? दाणे पाठवतोय. लवकर बघ गं.

तुझ्यावर सगळी भिस्त ठेवून बसलेला,
आस्गर


कोपनहेगन, १९ सप्टेंबर

ती. आस्गरदादास,
सा. न. वि. वि.

गहूच आहे. दाणे सुरकुतलेले, गुलाबी, आणि विष मर्यादेच्या कितीतरी वर. फुलोऱ्यात पाऊस लागला की ही बुरशी ओंबीत शिरते. तिचं विष शिजवूनही जात नाही आणि पोटात गेलं की भूकच मरते. तो गहू आजच बंद कर. वहिनीच्या हाताचा काही संबंध नाही. हे बाबांना वाचून दाखव. ऐकू न आल्यासारखं करतील, तेव्हा पुन्हा वाच.

माझीही झोप उडाली होती. याच बुरशीतला एक जनुक मी काढून टाकला. तो स्वतः विष बनवत नाही, बनवणाऱ्या जनुकांना हुकूम सोडतो, मुकादमच म्हण. तो गेला आणि विष थांबलं, पण बुरशीची वाढही मंदावली. आमचे प्रमुख उल्रिक म्हणाले, काढताना तू दुसरंच काही मोडलं नसशील कशावरून? इतक्या वर्षांचं काम त्या एका प्रश्नावर लटकलं. मग तोच जनुक मी परत बसवला. सोमवारी प्रयोगाची बशी पाहिली तर बुरशी काठापर्यंत पसरलेली, आणि तपासलं तर विषही पुरेपूर, म्हणजे दुसरं काहीच मोडलं नव्हतं. विष बघून मी रडले, दादा. उल्रिकनी रुमाल दिला आणि म्हणाले, शंका फिटली, आता लिहायला बस.

शेतात या मुकादमाला गाठायला मात्र अजून फार वेळ आहे. वहिनीला आण.

तुझी माया अशीच असू दे,
सिग्ने


होल्स्टेब्रो, ३० सप्टेंबर

चि. सिग्ने हिस,
अ. उ. आ.

गहू बदलला आणि डुकरिणी खायला लागल्या. तुझं पत्र बाबांनी माझ्या हातून घेऊन स्वतःच वाचलं. मग कुणाला न सांगता गाडी काढून रीबला गेले. मेरेट सांगते, दारातच म्हणाले, दोष गव्हाचा होता, मी तुझ्यावर घातला, चुकलो. येतेस का घरी? तिनं लगेच हो म्हटलं नाही. आधी त्यांना बसवून कॉफी दिली आणि आपली भांडी सावकाश घासत राहिली. बाबा भांडी संपेपर्यंत थांबून राहिले म्हणे. आपले बाबा!

घरी आल्यावर ती माझ्यावर बरसली. म्हातारा माणूस चुकला आणि येऊन तसं म्हणालाही, पण तू त्या दिवशी बटाटेच खात होतास, म्हणाली. पुढच्या वेळी मला तुझा आवाज ऐकू आला पाहिजे. मी कबूल केलं. काल जेवताना बाबा तिच्या बादल्या धुण्यावर काहीतरी बोलायला लागले, तेव्हा मी म्हणालो, बाबा, तिचं तिला करू द्या. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि लोणी माझ्यापुढे केलं.

लोभ आहेच, तो घेऊन रविवारी प्रत्यक्षच ये.

तुझा दादा,
आस्गर