दिव्याच्या खांबापाशी

ब्रिस्टल,
शनिवार, १६ नोव्हेंबर

चि. वरदा हिला आजीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या बाबांचे गुडघे आणि स्वभाव, दोन्ही कुरकुरतात. माझी साखर आटोक्यात आहे. बाबा डॉक्टर असल्यामुळे मला गोड मिळत नाही, आणि आई कामावर जाते तेव्हा मी ते खाते. हे वाक्य लिहायला तुझी आई तयार नव्हती. मी म्हटलं, "नीना, तू फक्त लिहायचं. तपासायचं नाही." मला वाचता येत नाही म्हणून ही काय वाटेल ते गाळेल, म्हणून प्रत्येक ओळ तिच्याकडून परत वाचून घेतेय मी.

तुझा फोन बंद, म्हणून पत्र. तुझ्याबरोबर काम करणारा अनुप उद्या परत तिकडे, तुमच्या डोंगराखाली निघालाय, त्याच्या हाती देते. सोबत मेतकूट आहे. परवा तो चहाला आला होता. त्याचं मागाहून सांगते.

किचनमधला धुराचा अलार्म अजून माझ्यावर टपलेला आहे. मोहरी तडतडली की हा बोंबलतो. एल्वीराबाई आपल्याकडे राहिली होती ते आठवतं ना? तू तीन देशांतली ज्वालामुखीखाली राहणारी माणसं इथे युनिव्हर्सिटीत गोळा केली होतीस. आमचा डोंगर फुटला तेव्हा आम्ही काय केलं, हे त्यांनी एकमेकांना सांगायचं. म्हणजे दुसऱ्या गावाला माणसं न गमावता शहाणपण मिळेल. बाकीचे हॉटेलात, आणि ही आपल्याकडे, कारण तिला लिफ्टची भीती! जन्म काढला आगीच्या डोंगराखाली, आणि घाबरते लिफ्टला. काय चिडवलं मी तिला. तिला मराठी येत नव्हतं, मला तिचं स्पॅनिश, त्यामुळे भांडण असं कधी झालंच नाही.

पहिल्याच दिवशी मी कढीला फोडणी दिली आणि अलार्म वाजला. तिनं माझं मनगट धरलं आणि थेट रस्त्यावर. माझ्या हातात पळी, पाय अनवाणी, वर पाऊस. दिव्याच्या खांबापाशी मला उभं केलं आणि ती घरातल्या एकेकाचं नाव घ्यायला लागली. तू मग सांगितलंस, त्यांच्या गावाचा हा नेम. घंटा झाली की खाली यायचं, कशासाठीही मागे फिरायचं नाही, आणि खालच्या वळणावर एकानं सगळ्यांची नावं घ्यायची. ज्याचं नाव, त्यानं ओ द्यायची. शेवटी तिनं एक नाव घेतलं आणि स्वतःच ओ दिली. तो तिचा नवरा. मागच्या वेळी डोंगर फुटला तेव्हा डुकरीण सोडवायला मागे गेला होता. गेलेल्यांच्या वतीनं घरच्यांनी ओ द्यायची, हाही नेमच.

नंतर दर फोडणीला तेच. मी विचारायची, "एल्वीराबाई, पापड भाजू का, की आधी चपला घालतेस?" ती हसायची आणि तरी बाहेर जायची. शेवटी शेवटी तुझे बाबासुद्धा टॉवेल गुंडाळून खांबापाशी यायला लागले. आणि त्या तीन देशांतल्या एका बेटावरून आलेली माणसं नावं घ्यायची ही रीत आपल्या गावी घेऊन गेली, म्हणून तू किती नाचली होतीस.

आता अनुपचं.

तो चहा प्यायला आणि रडला. म्हणाला, डोंगर गुरगुरत होता तोवर एल्वीराबाईचं सगळं गाव खालच्या शाळेत होतं. मग गुरगुर थांबली. तुमची यंत्रंही गप्प. माणसं कंटाळली होती, वर गुरं उपाशी. सगळे वर आपापल्या घरी निघाले, एल्वीराबाई हलेना. बाकावर बसून राहिली. म्हणाली, वरदा सांगेल तरच जाईन.

नीनानं पेन खाली ठेवलंय. नीना, लिही.

तू तिचे हात हातात घेऊन म्हणालीस, "आता घरी जा." आणि ती गेली. त्या रात्री डोंगर फुटला, आणि तिच्या वरच्या वाडीतलं कुणी वळणापर्यंत पोचलं नाही.

तुझी चूक नाही, असं मी म्हणणार नाही. ते बाबा म्हणतात, आई म्हणते, युनिव्हर्सिटीनं तर छापून पाठवलंय. मी म्हटलं तरी तुला खरं वाटणार नाही, आणि मलाही. जिनं तीन देशांना शिकवलं की मागे फिरायचं नाही, तिला मागे फिरवलं ते माझ्या नातीनं. हे घशाखाली उतरत नाही, वरदा. कशानं उतरेल तेही मला ठाऊक नाही. मला वाटायचं, म्हाताऱ्या बायकांना असल्या वेळी काहीतरी सुचतं. काही सुचत नाही.

अलार्म वाजला की मी अजून बाहेर जाते. बाकीच्यांनी सोडलं. शेजाऱ्यांना वाटतं म्हातारी भ्रमली. नीना म्हणते, तुम्ही मुद्दाम फोडणी जाळता. जाळते. खांबापाशी उभी राहून नावं घेते. तुझा बाबा सतीश खिडकीतून ओरडतो, "आई, आत ये, भिजशील!" ती त्याची ओ. नीना कोट घेऊन येते, ती तिची. एल्वीराबाईचं नाव घेते आणि तिची ओ मी देते.

मग तुझं घेते, आणि थांबते.

तुझ्या वतीनं मी ओ देणार नाही, पोरी. ती तुझी तूच द्यायची.

वाट बघत, भिजत,
तुझी आजी