डावीकडून येणारी माणसे

१ नोव्हेंबर १९५५, मंगळवार
डोळ्यांच्या डॉक्टरने काल मला मोटार चालवायला बंदी केली, म्हणून ही वही लिहायला घेतली आहे. त्याचे म्हणणे असे की माझी नजर दोन्ही बाजूंनी मिटत आली आहे, डावीकडून जास्त. समोरचे दिसते, कडेचे दिसत नाही. गेले ते परत येणार नाही, जे उरले ते डोळ्यांत थेंब घालून टिकवायचे. डॉक्टर तिशीचा आहे. मी एकतीस सालापासून मोटार चालवते आहे. तेव्हा हा पाटीवर रेघोट्या ओढत असेल. बत्तीस वर्षे शाळा चालवली. फळ्याकडे तोंड असतानाही शेवटच्या बाकावरची चिठ्ठी मला कळत असे.
रोज काय दिसले ते इथे लिहिणार. बघू कोण खरे ठरते.

३ नोव्हेंबर
निर्णय झाला. राहती गाडी घ्यायची आणि मार्चमध्ये नर्मदेच्या काठाने अमरकंटकपर्यंत जायचे. हे असताना दरवर्षी ठरत असे आणि दरवर्षी कोर्टाची तारीख आडवी येत असे. हे जाऊन नऊ वर्षे झाली; आता तारखा नाहीत. धर्मशाळेत उतरणार नाही. तिथे ढेकूण असतात आणि चौकशा करणाऱ्या बायका. झोपणे, रांधणे सगळे गाडीत. रस्ता नसेल तिथेही जायचे, तेव्हा चारही चाकांना जोर असलेली हवी. रे रोडला जगदीशशेठच्या वखारीत लढाईतल्या लष्करी गाड्या विकायला आहेत.
सोबत नलू. माझ्या भावाची, गुरुदत्तची मुलगी. वरच्या मजल्यावर राहतात. बी.ए.चे वर्ष आहे, पण परीक्षा काय, पुढच्या वर्षीही असते. तिला अजून विचारलेले नाही. येईल.
गुरुदत्तला सांगितले. तो सॉलिसिटरच्या ऑफिसात हेडक्लार्क असल्यामुळे कोणत्याही प्रश्नाला उत्तर देत नाही. बघू या ताई, म्हणाला. म्हणजे पटले.

६ नोव्हेंबर, रविवार
दोन गाड्या पाहिल्या. एक जीप: ठेंगणी, उघडी, मागे सागवानी खोली बांधून मिळेल, तीत दोन फळ्या झोपायला. दुसरी ॲम्ब्युलन्स: उंच, दोन्ही बाजू पत्र्याने बंद, आत स्ट्रेचरच्या चार जागा आहेतच, गाद्या टाकल्या की बिछाने तयार. दोन्ही अमेरिकन, स्टिअरिंग डावीकडे.
दाखवायला धोंडू होता. लालबागला राहतो, गिरणीत फिटर, सुट्टीच्या दिवशी वखारीत इंजिने बघतो. ॲम्ब्युलन्सकडे बोट करून म्हणाला, बाई, ह्यो हत्ती तुमका झेपाचो नाय. मी म्हटले, पाचशे मुली झेपल्या, हत्ती कोण? तो हसला. दात स्वच्छ आहेत. माणूस बरा.

१३ नोव्हेंबर, रविवार
लाकडाच्या वखारींमागच्या रस्त्यावर जीप चालवली. उत्तम. एकच दोष: तिच्यात डावीकडून माणसे अचानक उगवतात. एक हमाल, एक गाय, पुन्हा तोच हमाल. गाडी ठेंगणी असल्यामुळे असे होत असावे.
धोंडूला फार बडबडायची सवय. डावीकडान हातगाडी येता हा. बाई, म्हातारी, म्हातारी. ब्रेक, ब्रेक. मी त्याला गप्प बसायला सांगितले. तो अर्धे मिनिट गप्प बसला. त्या अर्ध्या मिनिटात एक पिंप कोणीतरी रस्त्यात आणून ठेवले.

१७ नोव्हेंबर
थेंबांनी कपाळ ठणकते आणि खोलीतला उजेड कमी होतो. म्हणजे डॉक्टरचे औषधच मला आंधळे करते आहे. आजपासून बंद. हे कोणाला सांगायची गरज नाही.

२१ नोव्हेंबर, सोमवार
आज मुंबईसाठी हरताळ. ट्राम नाही, व्हिक्टोरिया नाही, एक हातगाडी नाही. सरावाला असा दिवस वर्षात एखादाच. धोंडूला निरोप पाठवला, तर तो मोर्चाला गेलेला. मुंबई महाराष्ट्राला मिळावी हे मलाही मान्य आहे. पण ठरलेली वेळ ती वेळ.
संध्याकाळी नलू आली. फाउंटनजवळ गोळीबार झाला, माणसे गेली. ती माझ्या पलंगावर बसून रडली. मी पाणी दिले. धोंडूचा काही पत्ता नाही.

२३ नोव्हेंबर
धोंडू सुखरूप. वाडीच्या दारापर्यंत येऊन सांगून गेला. त्याच्या शेजारचा माणूस परत आला नाही. आठ दिवस सराव बंद ठेवायचे ठरवले. हे दुखवट्याचे, दुसरे कारण नाही.

४ डिसेंबर, रविवार
आज ॲम्ब्युलन्स. फार समाधान. बाजू पत्र्याच्या असल्यामुळे आतून कडेचे कोणालाच दिसत नाही, धोंडूलाही नाही. तिथे आम्ही दोघे सारखे. शिवाय समोरून येणारे लोक हिला पाहून आपणहून बाजूला होतात. जीपसाठी कोणी होत नाही.
शिल्लक विचार: ॲम्ब्युलन्स घाटात जड जाईल. नदीपात्रात जीप बरी. पेट्रोल जीपला कमी. निर्णय पुढच्या रविवारी.

११ डिसेंबर
निर्णय पुढच्या रविवारी.

१४ डिसेंबर
नलूने स्टूल दारात ठेवले होते. ती म्हणते स्टूल महिनाभर तिथेच आहे. नडगीला खरचटले. मग ती उगाच हातात रुमाल घेऊन माझ्या कानाशी हलवत उभी राहिली आणि म्हणाली, आते, दिसतोय? मी म्हटले, काय? ती म्हणाली, म्हणजे तुला, आणि रुमाल खाली घेतला. हल्लीच्या मुली वाक्य पुरे करत नाहीत.

२० डिसेंबर
नलू आता नेहमी माझ्या उजव्या हाताने चालते, ठाकूरद्वारच्या नाक्यावर माझा दंड धरते. मोठ्यांना मान द्यायची सवय लागली. चांगले.
गुरुदत्त जेवताना म्हणाला, ताई, अमरकंटकला रेल्वेनेही जवळपर्यंत जाता येते. मी म्हटले, लंडनलाही बोटीने जाता येते, मग पोहायला शिकायचेच नाही का? सगळे गप्प झाले. मुद्दा पटला की माणसे गप्प होतात.

८ जानेवारी १९५६, रविवार
जगदीशशेठने पंधरा दिवस ट्रायलला जीप दिली. वाडीत उभी केली आहे. आत शिरताना कमानीचा डावा खांब लागला. खांब वाकडाच बांधलेला आहे, मी लहानपणापासून सांगते.
धोंडू उतरून खांबाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, बाई, एक सांगू? रागवू नका. मी असल्याबिगर गाडी काढू नका. शपथ घेवा. मी शपथा घेत नाही. पण बरे म्हटले. त्याला बडबड करायला कोणी लागते.

१६ जानेवारी, सोमवार
रात्री रेडिओवर दिल्लीचा निर्णय ऐकला. मुंबई महाराष्ट्राला नाही. वाडीतले रेडिओ एकेक करून बंद झाले. मग कुठल्यातरी गॅलरीतून कोणीतरी थाळी आपटली आणि एकदम सगळ्या वाडीने आपटली. नलू रस्त्यावर धावली, गुरुदत्त तिच्यामागे. मी दारात उभी राहिले. माणसे जात होती, पण मला ती एकेकटी, नळीतून पाहावे तशी दिसत होती. धुरामुळे. धूर नव्हता, असे नलू म्हणते. असेल.

१७ जानेवारी
दगड, धूर (आज खरा), दिवे फोडलेले. गिरगावात गोळीबाराचे आवाज. कर्फ्यू.
याच गडबडीत मनाशी निर्णय पक्का झाला: ॲम्ब्युलन्स. अशा दिवसांत बंद गाडी बरी. जीप परत करून ती आणायची. धोंडूचा निरोप आला: गाडी काढू नका, कर्फ्यू उठला की मीच येतंय. येईल तेव्हा येईल. ट्राम नाही, लालबागहून चालत येणार कधी?

१८ जानेवारी, बुधवार. दुपार
सकाळी दोन तास कर्फ्यू उठला होता. रस्ते रिकामे होते, म्हणून निघाले. नलू म्हणाली, आते, नको ना, प्लीज. मग मी किल्ली फिरवल्यावर शेजारी येऊन बसली. भायखळ्यापर्यंत उत्तम चालवली. जळके टायर, विटा, सगळे चुकवले. समोरचे सगळे मला दिसते.
पुढच्या वळणाच्या अलीकडे नलू ओरडली, आते, धोंडू!
मी विचारले, कुठे?
तोपर्यंत झाले होते.
तो लालबागहून चालत आमच्याकडेच निघाला होता. जीप ओळखून डाव्या फुटपाथवरून हात हलवत धावत आला. त्याने हाक मारायला हवी होती. नलू म्हणते तो केव्हाचा हाका मारत होता. मी सरळ समोर बघत होते, हे मात्र लिहून ठेवते.
उजव्या पायाचे हाड बाहेर आलेले. लोक जमले, हातगाडीवर घालून हॉस्पिटलात नेले. नलू बरोबर गेली. मी जीपमध्ये बसून राहिले. शेवटी एक अनोळखी गृहस्थ स्टिअरिंगशी बसले आणि त्यांनी मला आणि जीपला घरी आणले.

१९ जानेवारी
काल लिहिलेले वाचले. कोणीही तसे धावत आले असते तर कोणाच्याही गाडीखाली आले असते. नलूचे डोळे चांगले आहेत, तरी तिला काही करता आले का? शिवाय रस्त्यात विटा होत्या. शिवाय जीप. मी ॲम्ब्युलन्स म्हणत होते.

२० जानेवारी
हॉस्पिटलात जाऊन आले. वॉर्डात खाटा पुरत नाहीत, जमिनीवर गाद्या. धोंडूचा पाय वर टांगलेला. गळ्यात झेंडूचा हार. त्याच्या चाळीतल्या लोकांनी घातला, म्हणे लाठीहल्ल्यात जखमी झाला. मी नलूकडे पाहिले. धोंडू हळूच म्हणाला, बाई, मीच सांगितलंय तसा. तुमचा नाव खय येवचा नाय. तुमी घरी जावा.
मला हायसे वाटले. हे लिहिले पाहिजे म्हणून लिहिते.
खाटेपाशी पोलीस बसवला आहे. जखमींच्या बंदोबस्तासाठी असावा. व्यवस्था चांगली.

२१ जानेवारी
नलूने सांगितले, तो पोलीस बंदोबस्ताचा नाही. दंगलीत जखमी झालेल्यांची नावे लिहून घेतात; पाय खाली आला की धोंडूला तिथूनच चौकीवर नेणार. मी म्हटले, कोर्टात खरे काय ते बाहेर येईलच. ती म्हणाली, कोण आणणार, आते? हे मात्र तिने वाक्य पुरे केले.
गुरुदत्तला विचारले. त्याने पहिल्यांदाच सरळ उत्तर दिले. म्हणाला, ताई, तुझे नाव कुठेच नाही. त्यानेच घेतले आहे अंगावर. तू आता हात घातलास तर नलूचेही नाव येईल, माझी नोकरी आहे. गप्प राहा. काही दिवसांनी त्याला आपण काहीतरी देऊ.
शहाणा सल्ला. आठ दिवसांत वातावरण निवळेल. तोपर्यंत थांबायचे ठरवले.

२२ जानेवारी, रविवार
दुपारी खिडकीशी बसून अमरकंटकचा नकाशा बघत होते. नकाशा एका वेळी दोन बोटे दिसतो. बऱ्याच वेळाने डावीकडून कोणी खोकले. मान वळवली. धोंडूची बायको, मालन, दाराशी जमिनीवर बसलेली. मी विचारले, केव्हा आलीस? म्हणाली, मगाशीच इलंय. तुमच्या समोरच बसलंय. तुमी बघूक नाय, म्हटला वाचतायत.
गिरणीतला माणूस घरी येऊन गेला. दंगलीत होता म्हणून धोंडूचे नाव गिरणीच्या पटावरून कापणार. पाय गेला तरी चालेल, नाव गेले की खोली जाते, गाव गाठावे लागते. तिला धोंडूने खरे सांगितलेले नाही. ती म्हणाली, बाई, तुमी शिकलेली माणसां. तुमचो शब्द मानतले. एक कागद लिवन देवा, माझो घोव दंगलीत नव्हतो म्हणान.
मी विचारले, मग कुठे होता असे लिहू? ती म्हणाली, तां माका काय म्हायत? तुमकाच म्हायत असतला, तो तुमच्याकडेच येत होतो.
चहा केला. कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला गेला, फुटला. तिने तुकडे गोळा केले. मी तिला जा म्हटले नाही. बस म्हटले, आणि कागद घेतला.
ती गेल्यावर नलूला बोलावले. रुमाल घेऊन पुन्हा तशीच उभी राहा, म्हटले. उजवीकडे हाताच्या अंतरावर दिसला. डावीकडे नाकासमोर येईपर्यंत दिसला नाही. तीनदा केले. तिन्ही वेळा तेच.

२३ जानेवारी, सोमवार
चौकीवर गेले. नलू आणि मालन बरोबर. गुरुदत्त आला नाही. नलूचे नाव कागदात नाही. हवालदार तीन रात्री झोपलेला नसावा. म्हणाला, आजीबाई, इकडे माणसे मोजायला वेळ नाही आणि तुम्ही मोटारचा अपघात काय घेऊन आलात, घरी जा. मी म्हटले, लिहून घेतल्याशिवाय जाणार नाही. त्याने लिहून घेतले. मालनला तिथेच कळले. तिने माझ्याकडे पाहिले की नाही ते सांगता येत नाही. ती डावीकडे उभी होती. सही करताना टाक कागदाबाहेर गेला. हवालदाराने कागद टाकाखाली सरकवला.
त्याच्याकडे दिले ते असे:
जबाब, दोन पाने, माझ्या हस्ताक्षरात.
मोटार चालवण्याचे लायसन्स, १९३१ सालचे, नव्या शिक्क्यांसह.
जीपची किल्ली, एक. जीप वाडीत उभी आहे, डाव्या मडगार्डला पोचा.
डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी, ३१ ऑक्टोबरची.
पोच मागितली. मिळाली. ती मालनकडे दिली.