पोटाशीही हिरवा

नेपरव्हिल

ती. शैलजाताई यांना,

शशिकांतचा नमस्कार. तुमचे गुडघे आता तुमचं ऐकत असतील अशी आशा आहे. माझे बर्फ पाहिला की संपावर जातात.

पद्मजाच्या दहाव्याचं परीक्षितने फोनवर सांगितलंच असेल. (चिरंजीवांनी आईच्या दहाव्यातला गीझचा भाग गाळला असणार.) गुरुजी व्हिडिओ कॉलवर, पिंड अंगणात, आणि कावळ्याआधी तळ्यावरचे लठ्ठ गीझ, म्हणजे इथले रानहंस, हजर! परीक्षितने फावडं घेऊन त्यांना हाकललं, तेव्हा कुठे एक कावळा कुंपणावर बसला. पण शिवेना. मुलांना सांभाळीन म्हणालो, तुझ्या कुंड्यांना पाणी घालीन म्हणालो, ढिम्म. शेवटी म्हणालो, पोर्टो रिकोला जाऊन तुझा तो हिरवा हमिंगबर्ड बघून येईन. लगेच शिवला. (केमोमुळे तिची ती ट्रिप कॅन्सल झाली होती, तुम्हाला ठाऊक आहेच.)

म्हणून गेलो. डोंगरातला कॉफीचा मळा, सोबत कार्मेन नावाची गाइड. पक्ष्याचं नाव ग्रीन मँगो, पण आंब्याशी काही देणंघेणं नाही. ओळखायचा असा: चोच काळी, किंचित वाकलेली, शेपूट गोलसर, निळीकाळी, आणि मुख्य म्हणजे पोटाशीही हिरवा. पोट काळं किंवा करडं दिसलं तर तो त्याचा चुलतभाऊ नाहीतर वहिनी. अंगाने चिमुकला आणि शेपूट दुभंगलेली, तर तो भलताच कुणी. ताई, जन्मभर लोकांच्या फुफ्फुसांचे एक्स-रे वाचले, पण ते रुग्ण निदान श्वास रोखून उभे राहायचे! हा पक्षी दिसला म्हणेपर्यंत नाहीसा. मी चिखलात बसलो, दुर्बीण उलटी धरली, मुंग्यांनी विजार काबीज केली. काळ्या पोटाचे दिसले, करड्या पोटाचे दिसले. कार्मेन विचारी, "हाच ना?" मी नकारार्थी मान हलवी. तसाच परतलो.

परीक्षित म्हणतो, "बाबा, फोटो बघा ना यार, तेही काउंट होतं." त्याला काय सांगणार? घर फार मोठं झालंय.

आपला,
शशिकांत

ता. क. पक्षी दिसला होता. पहिल्याच सकाळी, कार्मेन गाडीतून पाणी आणायला गेली तेव्हा. हाताच्या अंतरावर, लाल फुलावर. चोच, शेपूट, पोट, सगळं नीट पाहिलं. शंकेला जागाच नव्हती. इच्छा पुरी झाली की आत्मा मोकळा होतो, असं गुरुजी म्हणाले होते. ताई, मला ती जायला नको आहे.

पुन्हा ता. क. पुढच्या हिवाळ्याचं तिकीट काढलंय. वर्षश्राद्धाला तिकडे कुणी विचारलं, तर एवढंच सांगा, की शशिकांतला पक्षी ओळखता येत नाहीत.