औषध न मिळालेली डिश

बाबा, आपल्या घरचा गुळवेल आता चंद्रपूरच्या प्रयोगशाळेत आहे. मागच्या खेपेला आईनं पिशवी भरून दिला. त्याचा अर्क काढून आम्ही मूळपेशींना देतो, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या बाकीच्या पेशी तयार होतात त्यांना. डिशमध्ये वाढता वाढता त्याही म्हाताऱ्या होतात. फुगतात, चपट्या होतात आणि मग वाढायच्या थांबतात. अर्क दिलेल्या मात्र अजून वाढताहेत. आई फोनवर विचारते, "बाबाचं औषध लागू पडलं का वं?" मी म्हणते, डिशमध्ये पडलं, माणसाचं माहीत नाही. "मंग तुमी लोकं तिथी करून काय राह्यले?" ती म्हणते आणि फोन ठेवते. मला आनंद व्हायला हवा होता. होत नाही. कामाला येते, डबा खाते, खोलीवर जाते.

पेशींच्या उबदार पेटीत एक डिश अशी असते, जिला औषध द्यायचं नसतं. ऊब तीच, खायला गुलाबी पाणी तेच, फक्त अर्क नाही. ती नसेल तर बाकीच्यांना गुण आला की नाही, हे कळणार कसं? नियम बरोबरच आहे. तरी सकाळी पेटी उघडली की मी आधी तिच्याकडेच बघते.

अहेरीचा बाजार असला की जाता-येता लोक आपल्या अंगणात टेकायचे. कुणाचे गुडघे, कुणाची जुनी कणकण, कुणाला नुसतंच म्हातारपण लांबवायचं असायचं. तुम्ही सगळ्यांना याच गुळवेलाचा काढा पाजायचात. आणि मग तो हिवाळा. तुम्ही खाटेवर आहात, छाती भरलेली. आई चुलीवरून काढा उतरवते आणि पेला तुमच्यापुढे धरते.

"घ्या ना जी. साऱ्या गावाले पाजता, तुमालेच काऊन नाई?"

"देणाऱ्यानं पिऊ नाई. हातचा गुण जाते."

"गेला तं जाऊ द्या ना!" मी दारातून ओरडते.

तुम्ही हसता, खोकता. "मंग बाजाराच्या दिवशी लोकाईले काय सांगू?"

दवाखान्यातल्या गोळ्या मात्र मुकाट घेतल्यात. त्या दुसऱ्याच्या हातच्या होत्या ना! तो पेला आईनं संध्याकाळी शेजारच्या म्हातारीला नेऊन दिला. म्हातारी अजून आहे. या उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचताना दिसली, मला ओळखलं तिनं. एका पेल्यानं तुम्ही वाचला असतात, असं मी म्हणत नाही. या कामात राहून तसं म्हणताही येत नाही. पण पिऊन तरी बघायचं होतं, बाबा. त्याचा राग अजून जात नाही.

आज पाणी बदलताना त्या बिनऔषधाच्या डिशमधल्या पेशी फुगलेल्या दिसल्या. तसंच व्हायचं होतं. मी हातातल्या अर्काचे थेंब तिच्यात सोडले आणि झाकण लावलं. आता तुलनेला काही उरलं नाही, सगळा प्रयोग पुन्हा मांडावा लागेल. उद्या मॅडमना सांगायचं आहे. त्या विचारतील, चुकून पडले का? मी हो म्हणेन.

हे पत्र कुठंच जायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. चुकून नव्हते पडले.