सहा हजार फेरे

कोल्हापूर,
दि. ३ सप्टेंबर २०२४

ती. तात्यांस,
शिवानीचा सविनय जय भीम. वि. वि.

तुमचे कान गेल्यापासून आपलं फोनवरचं बोलणं म्हणजे दोन्हीकडून नुसती बोंबाबोंब, म्हणून कागद घेतला. काकींना सांगा, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा रिकामा होऊन आठवडा झाला.

आता मुद्द्याचं. पप्पांची गिटार मुकी झाली आहे. १३ ऑक्टोबरला त्यांना जाऊन वर्ष होईल. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवलाय, त्यांची गायन पार्टी गाणार आहे आणि गिटार मी वाजवायची असं ठरलंय. आईनं वर्षभरात माझ्याकडं काही मागितलं नाही. मागितलं ते एवढंच, की त्यांच्या गिटारीचा तो आवाज एकदा परत कानावर पडू दे. मोबाईलवरच्या रेकॉर्डिंगात ढोलकीच्या गोंगाटापुढं तो ऐकूच येत नाही. मी गिटार बाहेर काढली, वायर जोडली, तर चिडीचूप.

वाद्यांच्या दुकानात नेली, तर दुकानदार म्हणाला पिकअप गेलाय, नवा बसवा. पिकअप म्हणजे तारांखालची ती बोटभर पेटी, जिच्यात लोहचुंबकांभोवती केसाहून बारीक तांब्याची तार तुम्ही गुंडाळली होती. नवा बसवला तर आवाज येईल, पण तो दुकानातला येईल. पप्पा तर प्रत्येक कार्यक्रमात माईकवरून सांगायचे, की ह्या गिटारीचा आवाज माझ्या थोरल्या भावानं नेसरीत, आमच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात बसून गुंडाळलाय. म्हणून दुसऱ्या कुणाला न विचारता तुम्हाला विचारते. काय करू? फेरे किती होते?

गुडघ्याला तेल लावत जा. माझ्यावरची माया आहे तशी राहू द्या.

तुमची,
शिवानी


नेसरी,
दि. ९ सप्टेंबर २०२४

चि. शिवानीस,
तात्याचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

पत्र मिळालं. काकी चटणी कुटायला बसलीया. कुणीतरी कोल्हापूरला निघालं की त्याच्याबरोबर धाडतो.

अगं, त्यात एवढं घाबरण्यासारखं काय हाय? जलमभर मी हेच केलं की. शेतावरच्या मोटारी जळून यायच्या, आम्ही पहिल्यांदा काय करायचो तर जुनी तार छिन्नीनं कापून काढायचो. जुन्याची दयामाया करायची न्हाय, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. तू बी तेच कर. ब्लेड घे, सगळी तार काप, पेटीतला बॉबिन, म्हंजे तार गुंडाळायची चौकट, मोकळा कर, पुसून घे आणि नवी बेचाळीस गेजची तार गुंडाळ. तुझ्या आईच्या शिलाई मशीनवर बॉबिन भरायचा खुंटा असतोय, त्याच्यावर चढवलास की झालं. फेरे सहा हजार. मीच गुंडाळलंय म्हटल्यावर मला न्हाय तर कुणाला म्हाईत असणार?

इथं पोरंटोरं म्हणत्यात, तात्या आता नुसता कट्ट्यावर बसून असतोय. म्हणू देत. तुझ्या बापाच्या, बाबासोच्या गिटारीत अजून माझाच हात बोलतोय, हे त्यास्नी कुठं म्हाईत हाय.

आईला जय भीम सांग. आठवण ठेवून लिहीत जा.

तुझा,
तात्या


कोल्हापूर,
दि. २२ सप्टेंबर २०२४

ती. तात्यांस,
सविनय जय भीम. वि. वि.

चटणी पोचली, निम्मी संपली. बाकी सगळं वाईट आहे.

तुम्ही सांगितलं तशी जुनी तार कापली. ब्लेड लावायला आधी मन होईना, पण म्हटलं तात्यांनी गुंडाळलंय, तात्याच काप म्हणतात, मग भ्यायचं कशाला. आतली तार लालबुंद निघाली, कुठं जळाल्याची खूण दिसली नाही. तिथनं पुढं मात्र माझं नशीब फुटलं. पहिलं गुंडाळं मधोमध फुगलं, भाकरी फुगते तसं. दुसऱ्यात सगळी तार एका कडेला चढून बसली आणि बॉबिनच्या काठावरून खाली घसरली. तिसऱ्याला आठशे फेऱ्यांवर तार तुटली. चौथं एकवीसशेपर्यंत नेलं आणि परत तुटलं. तुटलेलं टोक शोधायला चष्मा लावून अर्धा तास गेला, शेवटी सगळंच फेकून दिलं.

तात्या, मी शिरोलीच्या फाउंड्रीत दिवसभर मापंच घेते. केसाएवढा फरक असला तरी आख्खा लॉट परत पाठवते. आणि घरी ह्या बोटभर पेटीपुढं मला रडू येतं. काल आई मशीनजवळ येऊन उभी राहिली, चहा ठेवून गेली. पार्टीचे प्रसेनजीत काका म्हणतात, की गिटार राहू दे, कीबोर्डवर भागवू. मला भागवायचं नाही. पण माझ्यानं होईल असंही आता वाटत नाही.

काय चुकतंय ते सांगा. रागवा हवं तर, पण लवकर लिहा.

तुमची,
शिवानी


नेसरी,
दि. २८ सप्टेंबर २०२४

चि. शिवानीस,
जय भीम आणि आशीर्वाद.

रडू नको. चार गुंडाळी वाया गेली म्हणून कुणी मरत न्हाय. माझ्या पहिल्या वर्षात मी पोतंभर तार वाया घालवलीया, तुझ्या आजानं पाठीवर वळ उठवलते.

मधोमध फुगतंय म्हणजे बॉबिन खुंट्यावर वाकडा बसलाय, न्हायतर तुझा हात मधेच रेंगाळतोय. आधी रिकामा बॉबिन फिरव आणि काठाजवळ पेन्सिलीचं टोक धर. एका बाजूला टोक घासतंय, दुसऱ्या बाजूला फट दिसतीया, असं झालं तर खाली कागदाची घडी घालून सरळ कर. कडेला ढीग होतोय त्याचं कारण असं, की वळायच्या जागी माणसाचा हात थांबतोय. दोन्ही बाजूला पट्टीचे तुकडे बांध, बोट तिथं टेकलं की तसंच मागं फिरव, थांबू नको.

तार तुटतीया ती रिळामुळं. रीळ आडवं ठेवून फिरवत असशील, त्यानं हिसका बसतोय. रीळ उभं ठेव, हलू देऊ नको, तार वरच्या तोंडानं सुटू दे. चिमटीत मखमलीचा तुकडा धर आणि त्यातनं तार सोड. दाबायची न्हाय, नुसती सोबत करायची. पहिले दोनशे फेरे मशीन अगदी हळू चालव, खालचा थर नीट बसला की वरचे आपोआप बसत्यात.

आतली तार लालबुंद होती म्हणतीस, ते आता सोडून दे. झालं ते झालं.

मी १२ तारखेच्या एसटीनं येतोय. ऐकायला न्हाय आलं तरी बघायला येतोय. लेकरा, धीर सोडू नको.

तुझा,
तात्या


कोल्हापूर,
दि. १६ ऑक्टोबर २०२४

ती. तात्यांस,
सविनय जय भीम. वि. वि.

तुम्ही १४ ला पहाटेच्या गाडीनं गेलात, नीट बोलणं झालं नाही. कागदावर लिहून दाखवायलाही मला जमलं नसतं.

आधी चांगलं लिहिते. बॉबिन खरंच वाकडा बसला होता. घडी घातली, रीळ उभं केलं, मखमल आईच्या जुन्या झंपराची मिळाली. गुंडाळं असं एकसारखं आलं, की फाउंड्रीत नेऊन मापलं तरी कुणाला खोट काढता आली नसती. फेरे मोजायच्या काउंटरवर बरोबर सहा हजार. तुम्ही शिकवलंत तर दगडालाही वाइंडिंग येईल.

आता जे तुम्हाला ऐकू आलं नाही ते. तुम्ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता, तेव्हा गिटारीतून बारीक, कोरडा आवाज येत होता. स्वच्छ होता, पण पप्पांचा नव्हता. त्यांचा आवाज कसा भरलेला, थोडा घोगरा यायचा. प्रसेनजीत काकांनी दोनदा बटण वाढवलं, तेवढ्यानं काय होणार. दुसऱ्या गाण्यात आई उठून खिरीकडं बघायला गेली. घरी आल्यावर म्हणाली, की हा त्यांचा नव्हं, आणि मी उगाच मागितलं, तुझ्या जिवाला घोर लावला. त्यानंतर तिनं विषय काढलेला नाही. तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

मी पिकअप घेऊन परत दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, असे पिकअप शक्यतो बाहेरच्या टोकालाच तुटतात, सोल्डरचा डाग दिलेला असतो तिथं. दोन-तीन फेरे उलगडून परत डाग दिला असता तर जुनाच चालू झाला असता. आणि ह्या जातीत फेरे आठ हजारांच्या आसपास असतात, सहा नाही. मी त्याच्याशी भांडले. म्हटलं, ज्यांनी गुंडाळलं त्यांनीच मला आकडा दिलाय.

तात्या, खरं सांगा. सहा हजारच होते ना? उत्तराची वाट बघते.

तुमची,
शिवानी


नेसरी,
दि. २२ ऑक्टोबर २०२४

चि. शिवानीस,
आशीर्वाद द्यायला तोंड न्हाय, तरी देतो.

मला आवाज ऐकू आला न्हाय, पण तुझी आई उठून गेली ती दिसली. तिचं तोंड बघून कळलं. म्हणून पहाटेच पळालो.

ते गुंडाळं मी केलं न्हवतं. बाबासोनं केलतं.

त्यानं दुकान सोडून गाण्यात जायचं ठरवलं, तवा मी त्याच्याशी सा म्हयने बोललो न्हवतो. तो ती पेटी घेऊन दुकानात आला, मला म्हणाला, की तू गुंडाळून दे. मी तीनदा तार तोडली आणि पेटी त्याच्या अंगावर फेकली. आठ दिवस तो कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसून स्वतःच गुंडाळत होता. मी त्याच्याकडं पाठ करून बसलो. फेरे मोजतोय का न्हाय, एवढं बी बघितलं न्हाय.

मग गडहिंग्लजच्या पहिल्या कार्यक्रमात त्यानं माईकवरून सांगितलं, की हे माझ्या थोरल्या भावाच्या हातचं हाय. माझा राग घालवायला बोलला. माणसं वळून माझ्याकडं बघाय लागली. ते खरं न्हाय असं मला म्हणवलं न्हाय. त्यानं जलमभर तेच सांगितलं, घरात बी, आणि मी ऐकत ऱ्हायलो. तुझं पत्र आलं तवा खरं लिहायला बसलतो. पण कान गेल्यापासून मला कुणी काय विचारत न्हाय, तू विचारलंस. सहा हजार हा आकडा मी मनानं लिहिला. मोटारीची सवय म्हणून काप म्हणालो. तार लालबुंद होती असं तू लिहिलंस, तवाच मला कळलं, की जुनी तार चांगली होती, तरी तुला लिहिलं न्हाय.

मी येतो. आपण दोघं मिळून आठ हजार, नऊ हजार, आवाज लागंस्तवर गुंडाळू. तू म्हणशील त्या दिवशी निघतो.

मला टाकू नको.

तुझा,
तात्या


कोल्हापूर,
दि. ३० ऑक्टोबर २०२४

ती. तात्यांस,
सविनय जय भीम.

पत्र तीनदा वाचलं. आईलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, की त्यांना लिही, माझ्या मनात काही नाही, माणूस एकटा पडला की असं होतं. आईच्या मनात खरंच काही नाही. माझ्या आहे.

पप्पांनी आठ दिवस बसून एक-एक फेरा घातलेली तार आमच्या घरात होती, आणि आम्हाला ते माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. त्यांच्या हातचं दुसरं काही राहिलेलं नाही. ती तार मी ब्लेडनं कापली आणि सकाळी घंटागाडीत टाकून कामावर गेले. पप्पांच्या हातचं आहे एवढं जरी तुम्ही लिहिलं असतं, तरी मी तिला बोट लावलं नसतं. मुकी गिटार भिंतीला टांगून ठेवली असती आणि आईला म्हटलं असतं, हात लावून बघ.

आठ हजार गुंडाळा नाहीतर दहा हजार, ते पप्पांचं होणार नाही. तार कशी धरायची हे तुम्ही मला शिकवलंत, ते मी विसरणार नाही. हेही विसरणार नाही.

काकींना सांगा, चटणी पाठवू नका. गोळ्या वेळेवर घ्या. माझा जीव तुमच्यावर होता तसाच आहे, म्हणूनच लिहिते: तुम्ही इतक्यात येऊ नका, मला तुमच्याकडं बघवणार नाही.

शिवानी